ग्रीक-पर्शियन युद्धांनी मागे काय ठेवले?

प्रश्न दुहेरी आहे. ग्रीक आणि पर्शियन यांच्यातल्या युद्धांचे टिकाऊ परिणाम कोणते, हा पहिला भाग. आणि मॅरेथॉनला किंवा सॅलमिसला पर्शिया जिंकला असता तर लोकशाही जन्मतःच संपली असती, हे नेहमी कानावर पडणारे विधान कितपत खरे, हा दुसरा. प्राचीन इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली आणि हे दोन्ही प्रश्न वर्गात हमखास येतात. दुसऱ्याचे उत्तर पहिल्यातूनच निघते, म्हणून आधी पहिला घेते.

घटनाक्रम ठाऊक नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आयोनियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, ग्रीक शहरांनी इ.स.पू. ४९९ मध्ये पर्शियन सत्तेविरुद्ध बंड केले. अथेन्सने २० आणि एरेट्रियाने ५ जहाजे मदतीला धाडली आणि पर्शियनांची प्रांतिक राजधानी सार्डिस जळाली. ४९४ मध्ये बंड मोडले, मायलेटस शहर धुळीला मिळाले. दारियस बादशहाने ४९० मध्ये पाठवलेल्या फौजेने एरेट्रिया जाळले, पण मॅरेथॉनच्या मैदानात ती अथेन्सकडून हरली. ४८० मध्ये त्याचा मुलगा झर्क्सीस स्वतः आला. थर्मोपिलीची खिंड पडली, रिकाम्या झालेल्या अथेन्सला आग लावण्यात आली, आणि मग सॅलमिसच्या सामुद्रधुनीत पर्शियन आरमार फुटले. पुढच्या वर्षी प्लाटियाला जमिनीवर आणि मिकालीला किनाऱ्यावर ग्रीकांनी शेवट केला.

आता परिणाम. पर्शियाचे काय बिघडले? फारसे नाही. थ्रेसचा, म्हणजे ग्रीसच्या ईशान्येकडचा, पट्टा आणि आयोनियाचा किनारा हातचा गेला. बाकी सिंधूपासून नाईलपर्यंतचे साम्राज्य आणखी जवळपास दीडशे वर्षे उभे राहिले. सूसा किंवा पर्सेपोलिस या पर्शियन राजधान्यांतून पाहिले तर ही पश्चिमेच्या टोकावरची फसलेली मोहीम होती. इजिप्त आणि बॅबिलोनमधली बंडे दरबाराला जास्त जवळची होती. युरोपीय पुस्तकांत ही लढाई जगाचा काटा फिरवणारी दिसते, कारण ती ग्रीकांनी लिहिली. पर्शियनांच्या बाजूने या मोहिमेचे एकही कथन उरलेले नाही.

ग्रीकांकडे मात्र उलथापालथ झाली, आणि ती सुरू झाली चांदीपासून. ४८३ च्या सुमारास अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीत चांदीची नवी शीर लागली. नागरिकांना माणशी दहा द्राख्मा, म्हणजे चांदीची नाणी, वाटून टाकावेत, असा विचार होता. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लिस याने सभेला पटवले की त्या पैशातून जहाजे बांधा. या युद्धांचा इतिहासकार हेरोडोटस हा आकडा २०० सांगतो. एका त्रिस्तरी युद्धनौकेला १७० वल्हेकरी लागतात. म्हणजे दोनशे नौकांना ३४,००० माणसे. घोडा किंवा चिलखत ज्यांना परवडत नव्हते, ज्यांचा रणांगणावर आणि म्हणून राजकारणातही फारसा मान नव्हता, ते गरीब नागरिक या बाकांवर बसले. सॅलमिस त्यांनी जिंकले. पुढच्या वीस वर्षांत, ४६२-४६१ मध्ये, एफियाल्टीसने जुन्या सरदारी मंडळाचे बहुतेक अधिकार काढून घेतले, नंतर न्यायदानाच्या कामाला रोजचा भत्ताही सुरू झाला. जो वल्हे ओढतो त्याच्या हाती शहर आहे, ही तक्रार त्या काळच्या एका लोकशाहीविरोधी लेखकाने स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे. लोकशाहीचा पाया क्लिस्थेनीसने ५०८-५०७ मध्येच घातला होता, पण तिला धार आली ती या आरमारामुळे, आणि ते आरमार पर्शियाच्या भीतीपोटी उभे राहिले.

त्याच आरमारातून साम्राज्यही जन्मले. ४७८-४७७ मध्ये डिलोस बेटावर अथेन्सच्या नेतृत्वाखाली एक संघ झाला. पर्शियाने केलेल्या नुकसानीचा बदला घ्यायचा आणि आयोनियातले ग्रीक सोडवायचे, हा उद्देश. अथेन्सच्या अॅरिस्टायडीसने प्रत्येक शहराचा वाटा ठरवला. पहिली आकारणी ४६० टॅलंट, आणि एक टॅलंट म्हणजे साधारण २६ किलो चांदी. हे पैसे किंवा जहाजे, दोन्हींतले काहीही चालत असे. इथली यंत्रणा नीट पाहा, कारण साम्राज्ये अशीच तयार होतात. लहान शहरांना वर्षानुवर्षे मोहिमांवर जाणे जड वाटू लागले, तेव्हा त्यांनी जहाजांऐवजी पैसे देणे पत्करले. त्या पैशातून अथेन्सचे आरमार वाढले आणि त्यांचे स्वतःचे संपले. मग कोणी बाहेर पडायचे म्हटले तर लढायला जहाजेच नाहीत. नॅक्सोसने प्रयत्न केला, ते बेट वेढा घालून वठणीवर आणले. ४६५ मध्ये थॅसोस उठले, त्याच्या भिंती पाडल्या. ४५४ मध्ये खजिना डिलोसहून अथेन्सला हलवला. त्या वर्षापासून खंडणीचा साठावा हिस्सा अथीना देवीला जाऊ लागला आणि तो शहरागणिक दगडावर कोरला जाऊ लागला. त्या शिळांचे तुकडे आज अथेन्सच्या शिलालेख संग्रहालयात आहेत. ज्यांनी कोरले त्यांना यात लाज वाटली नाही, हे ते तुकडे वाचताना मला सारखे जाणवते. आम्ही तुम्हाला पर्शियापासून वाचवले, ही त्यांची खरोखरची समजूत होती.

जळलेल्या अॅक्रोपोलिसवर तीस-बत्तीस वर्षे नवे मोठे मंदिर उभे राहिले नाही. जुन्या, अपुऱ्या मंदिराचे खांबांचे दगड उत्तरेच्या तटात मुद्दाम दिसतील असे बसवले. ते आजही खालच्या बाजारातून दिसतात. फुटलेल्या मूर्ती खड्ड्यांत पुरल्या, आणि एकोणिसाव्या शतकात त्या रंगाच्या खुणांसकट बाहेर आल्या. ४४७ मध्ये पार्थेनॉनचे काम सुरू झाले. संघाचा पैसा असा मंदिरावर खर्च करण्यावर अथेन्समध्येच टीका झाली होती, हे पुष्कळ नंतरचा चरित्रकार प्लुटार्क सांगतो. अथेन्सचा तेव्हाचा पुढारी पेरिक्लिस याचे उत्तर असे की आम्ही पर्शियनांना दूर ठेवतो आहोत, मग हिशेब देण्याची गरज नाही. जगातली एक अतिसुंदर इमारत या वाक्यावर उभी आहे.

या सगळ्याचा सर्वांत बोलका पुरावा मात्र इस्तंबूलमध्ये आहे. सुलतानअहमदच्या चौकात, जुन्या घोडदौडीच्या मैदानावर, तीन सापांचा पीळ असलेला काशाचा खांब उभा आहे. प्लाटियाच्या लुटीतून ग्रीकांनी तो डेल्फीच्या देवस्थानाला अर्पण केला; वर सोन्याची तिवई होती. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इसवी सनाच्या चौथ्या शतकात तो आपल्या नव्या राजधानीत नेला. मुळात स्पार्टाचा सेनापती पाउसानियास याने त्यावर फक्त स्वतःचे नाव मिरवले होते. स्पार्टाने ते खोडले आणि लढलेल्या शहरांची नावे कोरली. ती ३१ आहेत. ग्रीक जगात शेकडो शहरे होती, हे लक्षात घेतले की 'ग्रीस विरुद्ध पर्शिया' या शब्दांतला पोकळपणा दिसतो. थेब्जने झर्क्सीसची बाजू घेतली. थेसली त्याच्याकडे गेली. आयोनियाची जहाजे सॅलमिसला त्याच्याच आरमारात होती, आणि हॅलिकार्नाससची राणी आर्टेमिसिया त्याच्या सल्लागारांत.

पण मला बोलायचे आहे ते त्या एकतीसांतल्या दोन नावांबद्दल.

पहिले प्लाटिया. विजयानंतर पाउसानियासने तिथल्याच चौकात झ्यूसला बळी दिला आणि या शहराच्या स्वातंत्र्याला सगळे मिळून जपतील, अशी शपथ सर्वांना घ्यायला लावली. ४२७ मध्ये, अथेन्स-स्पार्टा युद्धात, स्पार्टाने वेढा घालून ते शहर शरण आणले. कैद्यांना एकच प्रश्न विचारला गेला: या युद्धात तुम्ही स्पार्टाचे काही भले केले का? प्लाटियाच्या लोकांनी आठवण दिली की तुमच्या पूर्वजांच्या कबरी आमच्या मातीत आहेत, आम्ही दरवर्षी त्यांना वस्त्रे आणि पहिले धान्य वाहतो. उपयोग झाला नाही. दोनशेहून कमी नव्हेत इतके प्लाटियाचे पुरुष आणि २५ अथेन्सवासी मारले, बायका गुलाम केल्या, आणि पुढे शहर पाडले.

दुसरे मेलोस. या लहानशा बेटाने सॅलमिसला दोन जहाजे पाठवली होती. ४१६ मध्ये अथेन्सने त्याच्याकडे शरणागती मागितली, बेटाने तटस्थ राहू द्या म्हटले. अथेन्सने हाती लागलेले सर्व प्रौढ पुरुष ठार केले, बायकामुले विकली. अथेन्सचा इतिहासकार थ्यूसिडिडीज याने त्या वाटाघाटीचा संवाद लिहिला आहे. त्यात अथेन्सचे दूत सुरुवातीलाच म्हणतात की आम्ही पर्शियनांना हरवले म्हणून राज्य करतो, असली गोड भाषणे आज करणार नाही. साठ वर्षे चालवलेले नाणे खोटे आहे, हे वापरणाऱ्यांनाच ठाऊक होते, हे यातून कळते.

पर्शियालाही दरम्यान उमगले होते की ग्रीसमध्ये फौज घेऊन जायची गरज नाही, चांदी पाठवली की पुरते. ४१२ पासून त्याचे प्रांताधिकारी स्पार्टाला पैसा देऊ लागले. पर्शियन राजपुत्र धाकट्या सायरसने स्पार्टाचा आरमारप्रमुख लायसँडर याच्या विनंतीवरून वल्हेकऱ्यांची रोजची मजुरी तीन ओबोलवरून (ओबोल हे लहान नाणे) चार केली, तेव्हा अथेन्सचे भाडोत्री वल्हेकरी तिकडे वळले. ४०४ मध्ये अथेन्स पडले, त्याच्या लांब भिंती पाडल्या गेल्या. दहा-अकरा वर्षांत त्याच भिंती पुन्हा उभ्या राहिल्या, आणि या वेळी पर्शियाच्या पैशाने, कारण आता स्पार्टा डोईजड झाला होता. ३८६ मध्ये बादशहाने फर्मान काढले की आशियातली ग्रीक शहरे माझी, आणि ते ग्रीक दूतांना वाचून दाखवले गेले. मिकालीच्या विजयाला शतकही झाले नव्हते. आयोनियाच्या ज्या स्वातंत्र्यासाठी सगळे सुरू झाले, ते अशा रीतीने संपले. या युद्धांचा तोल मोजताना हे वर्ष हटकून विसरले जाते.

टिकली ती आठवण. ३८० मध्ये अथेन्सचा वक्ता आयसोक्रेटीस सांगू लागला की आपसातली भांडणे मिटवायची तर सर्वांनी मिळून पर्शियावर चालून जावे. हा विचार शेवटी ग्रीसच्या उत्तरेकडच्या मॅसिडोनचा राजा फिलिप याने उचलला. झर्क्सीसने मंदिरे जाळल्याचा बदला, ही घोषणा ३३७ मध्ये ठरली आणि त्याच्या मुलाने ती राबवली. ३३५ मध्ये अलेक्झांडरने थेब्ज जमीनदोस्त केले. सहा हजार मेले, तीस हजार विकले गेले, आणि समर्थनासाठी काढला तो दीडशे वर्षांपूर्वीचा आरोप, की थेब्ज झर्क्सीसला मिळाले होते. पुढच्या वर्षी ग्रॅनिकसच्या लढाईनंतर त्याने ३०० चिलखते अथेन्सला देवीसाठी पाठवली, आणि पर्शियाच्या पगारावर लढलेले दोन हजार ग्रीक मात्र बेड्या घालून मॅसिडोनियाला कामाला धाडले. ३३० मध्ये पर्सेपोलिस जळाले.

तिथल्या अवशेषांत पुरातत्त्वज्ञांना एक ग्रीक संगमरवरी मूर्ती सापडली, होमरच्या काव्यातल्या, शोकात बसलेल्या पेनेलोपीची. आज ती तेहरानच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. भेट म्हणून आली की लूट म्हणून, यावर विद्वानांत वाद आहे. पण एवढे निश्चित की या दोन जगांत तलवारीखेरीज बरेच काही ये-जा करत होते. दारियसच्या सूसातल्या राजवाड्याचे दगड घडवणाऱ्यांत आयोनियाचे कारागीर होते, तिथले हस्तिदंत सिंधकडूनही आले होते. झर्क्सीसच्या फौजेत भारतीय तुकडी होती. सुती कपडे, वेताची धनुष्ये आणि लोखंडी टोकांचे बाण, असे तिचे वर्णन हेरोडोटसने केले आहे. प्लाटियासाठी मागे ठेवलेल्या निवडक फौजेतही ते होते. आणि अलेक्झांडरच्या मोहिमेमुळे ग्रीक वस्त्या बॅक्ट्रियापर्यंत, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानापर्यंत, आल्या नसत्या, तर कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांचे दान देणाऱ्या धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावे आपल्याला वाचायला मिळाली असती का, हा विचार मला तिथे गेले की येतोच. ती साखळी लांब आहे, मधल्या कड्या अनेक आहेत. पण ती तुटलेली नाही.

एक परिणाम असा आहे की त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. हेरोडोटस. पर्शियाची प्रजा म्हणून हॅलिकार्नाससला जन्मलेला हा माणूस पहिल्याच वाक्यात सांगतो की ग्रीक आणि बर्बर, म्हणजे ग्रीक नसलेले, दोघांचीही थोर कृत्ये विस्मृतीत जाऊ नयेत आणि ते का लढले हे कळावे, म्हणून ही चौकशी मांडतो आहे. शत्रूची बाजूही चौकशीच्या लायकीची आहे, ही भूमिका ग्रीक साहित्यात होमरपासून होती; तिला इतिहासाची रीत या युद्धाने बनवले. झर्क्सीसच्या फौजेचा त्याचा आकडा, नुसते पायदळच १७ लाख, कोणीही मानू नये. पण त्याची न्यायबुद्धी मानावी. प्लुटार्कने पुढे त्याला बर्बरप्रेमी म्हणून हिणवले, हे त्याच्या बाजूने जाणारे प्रशस्तिपत्र आहे. ईस्किलसचे नाटकही याच जातीचे. ४७२ मध्ये, ज्यांची घरे आठ वर्षांपूर्वी जळली होती त्या प्रेक्षकांसमोर, मॅरेथॉनला स्वतः लढलेल्या या कवीने सूसाच्या दरबारातला आकांत उभा केला.

मात्र कलेत आणि सार्वजनिक भाषणांत दुसरेच चित्र रुजले: पर्शियन म्हणजे मऊ, ऐषारामी, गुलामी वृत्तीचा, ग्रीक म्हणजे काटक आणि स्वतंत्र. हा सर्वांत लांब पोचलेला परिणाम आहे आणि आपल्या देशाने तो भोगला आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८४६ मध्ये लिहिले की इंग्लंडच्या इतिहासातली घटना म्हणून पाहिले तरी मॅरेथॉनची लढाई हेस्टिंग्जच्या लढाईपेक्षा, म्हणजे नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले त्या १०६६ च्या लढाईपेक्षा, महत्त्वाची आहे. हे वाक्य लिहिणारा मिल तेव्हा लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरीला होता. १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे त्याने तिथे काढली, आणि हिंदुस्थानातल्या संस्थानांशी होणारा पत्रव्यवहार त्याच्या टेबलावरून जाई. आणि १८५९ मध्ये, स्वातंत्र्यावरच्याच आपल्या ग्रंथात, त्याने म्हटले की बर्बरांच्या बाबतीत निरंकुश सत्ता रास्त असते, हेतू त्यांच्या सुधारणेचा असला म्हणजे झाले. मिल हा प्रामाणिक आणि मोठा विचारवंत होता, म्हणूनच हे अधिक गंभीर आहे. मॅरेथॉनला स्वातंत्र्याचे जन्मस्थान मानणारा माणूस अर्ध्या जगाला त्या स्वातंत्र्याच्या कक्षेबाहेर ठेवतो, आणि त्याला त्यात विसंगती दिसत नाही. अथेन्सने खंडणीच्या याद्या कोरल्या तेव्हा त्यांनाही दिसली नव्हती.

मॅरेथॉन शर्यतीबद्दल विचारणारे बरेच असतात, म्हणून दोन ओळी. हेरोडोटसचा धावपटू मदत मागायला स्पार्टाला धावला; विजयाची बातमी देऊन प्राण सोडणारा धावपटू शतकांनंतरच्या लेखकांत येतो. १८९६ च्या ऑलिंपिकसाठी मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने शर्यत सुचवली, आणि ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधले.

इराणची आठवण वेगळी आहे. झर्क्सीसची ग्रीस मोहीम इराणच्या परंपरेत उरलीच नाही, उरला तो पर्सेपोलिस जाळणारा. पहलवी, म्हणजे मध्ययुगीन फारसी, ग्रंथांत अलेक्झांडर शापित म्हणून येतो. हखामनी, म्हणजे दारियस-झर्क्सीसच्या घराण्यातल्या, बादशहांचे स्वतःचे शब्द जगाला वाचता आले ते एकोणिसाव्या शतकात बेहिस्तूनच्या कड्यावरचा दारियसचा लेख उलगडल्यावर. तोवर दोन हजार वर्षे फक्त एका पक्षाची साक्ष उपलब्ध होती.

आता दुसरा प्रश्न, पर्शिया जिंकला असता तर. आयोनियाचे बंड मोडल्यानंतर, ४९२ मध्ये, पर्शियन सेनापती मार्डोनियसने तिथल्या शहरांतले हुकूमशहा काढून लोकशाह्या बसवल्या, असे हेरोडोटस सांगतो, आणि माझ्या ग्रीक वाचकांना हे खरे वाटणार नाही असेही लिहितो. पर्शियाला खंडणी आणि शांतता हवी होती, राज्यपद्धती कोणती याची त्याला फिकीर नव्हती. तत्त्वज्ञ हेराक्लिटस पर्शियन राजवटीतल्या एफिससमध्येच विचार करत होता. तेव्हा तत्त्वज्ञान आणि नगरसभा नष्ट झाल्या असत्या, असे मी म्हणणार नाही. वल्हेकऱ्यांची ती आक्रमक, सर्वाधिकारी लोकशाही मात्र झाली नसती. अथेन्सला आरमार ठेवू दिले गेले नसते, आणि ज्या सुरक्षिततेत ते नाट्य, ते शिल्प, ते वक्तृत्व फुलले ती मिळाली नसती. सॅलमिसचे ऋण इथे खरे आहे आणि मी ते पूर्ण मान्य करते.

ती लोकशाही पुढे मोडली, पण पर्शियाने नाही. ३२२ मध्ये अमॉर्गोसच्या समुद्रात अथेन्सचे आरमार मॅसिडोनकडून हरले. मॅसिडोनचा सेनापती अँटिपेटर याने अथेन्सच्या पिरेयस बंदरावरच्या म्युनिखिया टेकडीवर आपली शिबंदी बसवली आणि दोन हजार द्राख्मांपेक्षा कमी मालमत्ता असलेल्यांचा राजकीय हक्क काढून घेतला. मतदानाबाहेर गेले ते बहुतेक वल्हेकरीच होते, आणि त्यांना बाहेर काढणारी सत्ता पंधरा वर्षांपूर्वी झर्क्सीसचा सूड घेण्याच्या नावाने ग्रीसची पुढारी झाली होती.